गाडी गावापर्यंत जाते का?

गणेशचतुर्थीला दोन-अडीच महिने उरले म्हणजे लालबाग, परळ, करी रोड येथील चाळींत, आणि गिरगावातील ज्या वाड्यांत कोकणी बिऱ्हाडे अद्याप टिकून आहेत तेथेही, एकच प्रश्न घरोघर निघतो: यंदा एस.टी.ने जायचे की रेल्वेने? या प्रश्नाचा जो ऊहापोह सर्वत्र चालतो, तो बहुधा वेळ आणि भाडे या दोन रकान्यांतच आटोपतो. रात्रीची आगगाडी रत्नागिरीला सहा-सात तासांत पोचवते, एस.टी.ला दहा तास लागतात, आणि महामार्गावर वाहने तुंबली तर किती लागतील याला धरबंद नाही. सबब शहाण्याने आगगाडी पत्करावी, असा निकाल देऊन लोक मोकळे होतात. हा निकाल मला मान्य नाही. ज्या मापाने तो दिला जातो ते मापच या प्रवासाला गैरलागू आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुंबई आणि रत्नागिरी ही दोन शहरे खरी. परंतु त्यांच्यामधला प्रवास शहरातून निघून शहरातच संपणारा नव्हे. पुण्यास जाणारा दादरकर शिवाजीनगरला किंवा स्वारगेटला उतरला की पोचला. उरलेल्या वाटेची चिंता त्याला नसते. उलट लालबागेतून निघालेला मनुष्य चिपळूण, रत्नागिरी किंवा कणकवली स्थानकावर उतरतो, तेव्हा त्याच्या प्रवासाचा सर्वांत बिकट भाग पुढेच असतो. त्याचे घर गुहागरकडच्या एखाद्या पाखाडीत, लांज्याच्या आतल्या वाडीत किंवा देवगडच्या सड्यापलीकडे असते, आणि तेथे त्याला मुलाबाळांसह, वृद्ध आईवडिलांसह आणि सणाच्या सामानासह पोचायचे असते. म्हणून या प्रवासाचा हिशेब चाळीच्या जिन्यापासून गावच्या अंगणापर्यंतच मांडला पाहिजे. मधल्याच एका स्थानकापाशी तो थांबवला, की आगगाडी जिंकते आणि प्रवासी हरतो.

गिरणगावाची वस्ती जमली त्या काळी अशी निवड करण्याचा प्रसंगच कोणावर येत नसे. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य, म्हणजे लोकांचे भाऊ, यांनी 1841 साली बांधलेल्या धक्क्यावरून आगबोट धरावी, जयगड, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले यांपैकी आपले बंदर आले की पडावातून किनारा गाठावा, आणि तेथून डोक्यावर वळकटी घेऊन पायी चालू लागावे, हाच राजमार्ग होता. तो किती जोखमीचा होता याची जाणीव 17 जुलै 1947 रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणास मुकली, तेव्हा साऱ्या मुंबई इलाख्याला झाली. पुढल्याच वर्षी, 1 जून 1948 रोजी, पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. आणि यथावकाश ही गाडी कोकणच्या लाल मातीच्या, घाटाघाटांच्या रस्त्यांवर जेव्हा उतरली, तेव्हा तिने केलेली क्रांती नुसत्या वेगाची नव्हती. ती गाडी गावात गेली. संध्याकाळी शेवटच्या वाडीपाशी येऊन थांबणारी वस्तीची गाडी, देवळाच्या पडवीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात पथारी टाकणारे तिचे चालक-वाहक, आणि पहाटे त्याच गाडीने तालुक्याच्या कचेरीला, दवाखान्याला, बाजाराला निघणारी माणसे, ही व्यवस्था ज्या प्रदेशाला लाभली त्या प्रदेशाचे एकलकोंडेपण संपले.

रेल्वेसाठी कोकणाने फार वाट पाहिली. बॅरिस्टर नाथ पै यांनी लोकसभेत या मागणीचा पाठपुरावा केला, मधू दंडवते यांनी तो वारसा चालवला, 1990 साली जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली, आणि ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोह्यापासून मंगळुराजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटरांचा लोहमार्ग पुरा होऊन 26 जानेवारी 1998 रोजी तो सलग वाहता झाला. नव्वदांहून अधिक बोगदे, त्यांतला करबुड्याचा एकटाच साडेसहा किलोमीटरांचा. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा 64 मीटर उंचीचा पूल. हे सारे पाहून अभिमान वाटावा असेच आहे, आणि तो मला वाटतो. परंतु या मार्गाच्या आखणीतच त्याची मर्यादा दडलेली आहे, हेही तितकेच खरे. ताशी 160 किलोमीटर वेगाला साजेसा मार्ग हवा म्हणून चढ दीडशेला एक याहून तीव्र नसावा आणि वळणाची त्रिज्या 1250 मीटरांहून कमी नसावी, असा दंडक अभियंत्यांनी पाळला. असा मार्ग डोंगर फोडून सरळ जातो. गावासाठी वळून जाण्याची मुभा त्याला नसते. परिणामी राजापूरचे स्थानक राजापुरापासून कित्येक मैल दूर पडले, सावंतवाडीचे शहराबाहेर राहिले. आणि दापोली, गुहागर, देवगड, मालवण, वेंगुर्ले या किनाऱ्यावरच्या तालुक्यांच्या वाट्याला तर स्वतःचे स्थानकच आले नाही. दापोलीकराने खेडला उतरावे, गुहागरकराने चिपळूणला, मालवणकराने कणकवलीला किंवा कुडाळला, आणि पुढचे आपले आपण पाहावे.

हे ‘पुढचे’ म्हणजे काय, ते पहाटे पाचच्या सुमारास एखाद्या लहान स्थानकावर उभे राहिल्यावाचून कळत नाही. गाडी जेमतेम दोन मिनिटे थांबते. फलाट बुटका असतो, आणि मागचे डबे पुष्कळदा फलाट सोडून खडीवरच उभे राहतात. आधी मखराच्या सामानाची पेटी आणि मुंबईहून आणलेला पंखा खाली द्यायचा, मग पोरे उतरवायची, आणि शेवटी सत्तरीच्या आईला दोघांनी दंडाला धरून त्या उंच पायरीवरून खाली घ्यायचे. तोवर गाडीची शिटी झालेली असते. बाहेर रिक्षा उभ्या असतात. त्या वेळी, त्या अंधारात, आठ-दहा मैलांसाठी जे भाडे सांगितले जाते ते मुंबईपासूनच्या साध्या डब्याच्या तिकिटाहून कित्येकदा अधिक असते. यात रिक्षावाल्यास दोष देण्याचे कारण नाही, कारण त्याला परतीचे भाडे मिळणार नसते. आगारातून पहिली एस.टी. सुटायला अजून तास-दीड तास असतो, आणि सुटली तरी ती स्थानकावर न येता बाजारातून परस्पर निघून जाते. आगगाडीने वाचवलेले तीन तास असे स्थानकाच्या पायरीवर बसून खर्ची पडतात.

आता दुसरी बाजू पाहा. लालबागच्या एखाद्या चाळीच्या जिन्याखाली ग्रामस्थ मंडळाचे चिटणीस रेघांची वही घेऊन बसतात. आसनाच्या आकड्यापुढे नाव, नावापुढे वाडी, आणि वाडीपुढे उतरण्याचे ठिकाण: खालच्या वडाजवळ, शाळेपाशी, सातेरीच्या देवळापुढे. पुरेशी नावे जमली की गट आरक्षणाचा अर्ज आगारात जातो, आणि ठरलेल्या रात्री गाडी थेट वस्तीपाशी येऊन उभी राहते. सामान टपावर आणि डिकीत चढते, म्हातारी माणसे पुढच्या आसनांवर बसतात, आणि सकाळी ती गाडी वहीत लिहिलेल्या क्रमानेच माणसे उतरवत जाते. अलीकडच्या वर्षांत गणेशोत्सवासाठी राज्य परिवहन चार-पाच हजार जादा गाड्या सोडते, त्यांत या गट आरक्षणाच्या गाड्यांचा वाटा फार मोठा असतो. या प्रवासात स्थानक लागत नाही, रिक्षा लागत नाही, आणि सामानाची चढउतार एकदाच होते. यावर भाड्याचा विचार करावा. 17 मार्च 2023 पासून राज्यात स्त्रियांना एस.टी.चे तिकीट निम्म्या दरात मिळते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास विनामूल्य आहे आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या माणसांना अर्धे भाडे आहे. याउलट रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च 2020 मध्ये जी स्थगित केली ती अद्याप पूर्ववत केलेली नाही. शिवाय कोकण रेल्वेच्या मार्गावर भाडे आकारताना अंतरच प्रत्यक्षाहून वाढवून धरण्याची रीत आहे. ज्या कुटुंबात आजी, सासू, सून आणि शाळकरी मुली आहेत, त्या कुटुंबाचे गणित एस.टी.च्या बाजूने झुकते ते याच कारणाने. 2025 च्या जानेवारीत एस.टी.चे भाडे जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढल्यावरही ते तसेच राहिले.

रेल्वेच्या बाजूने जे खरे आहे तेही नाकारता येत नाही. महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम पनवेल-इंदापूर टप्प्यात 2011 साली सुरू झाले आणि त्यानंतर एक तपाहून अधिक काळ कोकणवासीयांनी दर पावसाळ्यात त्याच खड्ड्यांतून आपली हाडे खिळखिळी करून घेतली. या दिरंगाईला क्षमा नाही. मधुमेहाच्या रोग्याला, गर्भवती स्त्रीला, गुडघ्यांनी जर्जर झालेल्या वृद्धाला रात्रभर एका आसनावर जखडून राहणे असह्य होते. वाटेतल्या विश्रांतिस्थानांवरील प्रसाधनगृहे तर अशी असतात, की कित्येक स्त्रिया निघण्यापूर्वी दुपारपासून पाणी पिणेच सोडतात. अशा प्रवाशाने आगगाडीचेच तिकीट काढावे, आणि स्थानकावर घरचे कोणीतरी वाहन घेऊन येईल अशी तजवीज आधीच करावी. रेल्वेलाही पाऊस छळतो हे खरे. 2003 साली वैभववाडीजवळ दरडीने झालेला भीषण अपघात कोकणाच्या स्मरणातून गेलेला नाही, आणि म्हणूनच पावसाळ्यात गाड्या मंद वेगाने चालवण्याचे स्वतंत्र वेळापत्रक पाळले जाते. ती मंदगती मी गैरसोय मानत नाही.

परंतु निवड करायची तर आधी दोन्ही पर्याय हाती असावे लागतात, आणि गिरणगावच्या सामान्य माणसाच्या हाती आगगाडीचा पर्याय उरला आहे का, याची मला शंका आहे. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून साठ दिवस आधी खुले होते. गणपतीच्या दिवसांसाठी ते खुले होताच काही मिनिटांत प्रतीक्षायादी लागते. ज्याला आरक्षण मिळत नसे त्याच्यासाठी दादर-रत्नागिरी पॅसेंजर होती. लालबाग-परळच्या माणसाची खरी आगगाडी तीच. महासाथीत ती बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली ती दादरऐवजी दिव्याहून. नकाशावर हा बदल बोटभर दिसतो. पण गोणी, पेटी आणि दोन मुले सांभाळत परळहून लोकल पकडायची, गर्दीत दिव्याला उतरायचे, पूल चढून दुसरा फलाट गाठायचा, आणि तेथे आधीच भरलेल्या डब्यात शिरायचे, हे ज्या आईला करावे लागते तिला त्या बोटभर अंतराची किंमत विचारावी. मध्यरात्री सुटणारी दादर-सावंतवाडी ‘तुतारी’ आहे, तिच्याबद्दल कृतज्ञताच आहे. तथापि एका गाडीने दादरवरचा कोकणाचा हक्क फेडला जात नाही. पॅसेंजर दादरहूनच सुटली पाहिजे.

दुसरी गोष्ट मला अधिक चिंताजनक वाटते. रेल्वे आली, आता आतल्या गावांच्या फेऱ्या कशाला, असा एक विचार सरकारी दफ्तरांत रुजला आहे. आणि एस.टी. कर्मचाऱ्यांच्या 2021-22 च्या प्रदीर्घ संपानंतर गाड्यांची चणचण भासू लागली तेव्हा, भारमान कमी म्हणून प्रथम कात्री लागली ती वस्तीच्या गाड्यांनाच. भारमानाचा हा हिशेब फेरीगणिक स्वतंत्र मांडला जातो, हेच मुळात चूक आहे. राजापूर रोडवर ‘कोकणकन्या’ येते त्या वेळी स्थानकाच्या आवारात एस.टी. उभीच नसेल, तर त्या गाडीतून उतरलेले प्रवासी तिच्या भारमानात दिसणार कसे? गाडी नाही म्हणून प्रवासी रिक्षात बसतो, आणि प्रवासी नाही म्हणून गाडी बंद होते. ज्या मार्गासाठी कोकणातल्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनी दिल्या, त्या मार्गाच्या आणि त्यांच्या वाडीच्या मध्ये आठ मैलांची ही दरी तशीच ठेवणे हा त्यांच्यावरचा अन्याय आहे.

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करण्यास महाराष्ट्र शासनाने 2025 साली संमती दिली. त्या व्यवहारात भागभांडवल, कर्ज आणि मालमत्ता यांची चर्चा होईलच. पण त्याच मेजावर एक साधी मागणी ठेवता येण्यासारखी आहे. राज्य परिवहनाच्या रत्नागिरी व सिंधुदुर्ग विभागांच्या नियंत्रकांनी आणि बेलापूरच्या रेल्वे कचेरीतील अधिकाऱ्यांनी दोन्ही वेळापत्रके शेजारी शेजारी मांडावीत, प्रत्येक स्थानकासाठी पहाटेची किमान एक एस.टी. गाडीच्या येण्याशी जुळवावी, आगगाडीला उशीर झाला तर ती थांबेल असा लेखी हुकूम काढावा, आणि मुंबईतच काढलेल्या एका तिकिटावर वाडीपर्यंत जाण्याची सोय करावी. याला नवा कायदा लागत नाही, नवे रूळ लागत नाहीत. हे होईल त्या दिवशी मी लालबागच्या कुटुंबांना आगगाडीने जा असे आनंदाने सांगेन. तूर्त मात्र ज्यांच्या घरात म्हातारी माणसे आहेत आणि गाव स्थानकापासून दूर आहे, त्यांनी चिटणिसांच्या वहीत आपले नाव वेळेवर लिहून ठेवावे.