पोराला ‘ढ’ म्हणू नका, त्याची तपासणी करा!

पालकहो, गुरुजनहो, शाला प्रबंधन समितीच्या सदस्यांनो,

पांढुर्णा-सौंसर भागात वाचन अडलेल्या पोरावर दोनच शिक्के बसतात. एक ‘ढ’, दुसरा ‘घरी मराठी बोलतो, म्हणून हिंदी कच्ची’. या शिक्क्यांखाली अध्ययन अक्षमता वर्षानुवर्षं झाकली जाते.

अशा पोराची वही नीट पाहा. हिंदीत ‘शाला’च्या जागी ‘शाळा’ लिहिलं, तर तो घरच्या मराठीचा परिणाम, सरावाने जाईल. पण ‘किताब’चं ‘कताब’ होतं, मराठीतही वेलांट्या गळतात, 51 चे 15 होतात, तोंडी उत्तर बरोबर आणि लेखी कोरं, असं दोन्ही भाषांत सतत होत असेल, तर तो आळस नव्हे, ती अध्ययन अक्षमता असू शकते. तिथे छडी नको, तपासणी हवी.

गुरुजींवर निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं लादली जातात, अध्ययन अक्षमतेचं प्रशिक्षण मिळत नाही, हे आम्ही जाणतो. त्याचा जाब शिक्षण खात्याला विचारू. पण म्हणून सगळ्या वर्गासमोर पोराला उभं करून अडखळत वाचायला लावणं आणि इतरांना हसू देणं माफ होत नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमता दिव्यांगत्व म्हणून मान्य केली आहे. ती लवकर ओळखून शिकवण्याची पद्धत बदलणं, ही शाळेवर टाकलेली जबाबदारी आहे.

आमच्या मागण्या:

1. मारहाण आणि अपमान तात्काळ बंद करा. शिक्षण हक्क कायदा, 2009 चं कलम 17 दोन्हींना मनाई करतं.

2. तपासणी हिंदी आणि मराठी, दोन्ही भाषांत करा. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेली ‘डाली’ चाचणी दोन्ही भाषांत आहे.

3. दिव्यांग मुलं ओळखण्यासाठी शाळकरी मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण 2016 च्या कायद्यात सांगितलं आहे. आपल्या तालुक्यांत ते कधी झालं, किती मुलं आढळली, ते जाहीर करा.

4. पांढुर्णा 2023 मध्ये जिल्हा झाला. तपासणी आणि प्रमाणपत्राची सोय पांढुर्ण्यातच करा.

5. प्रमाणपत्र मिळालेल्या मुलाला परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक नियमाप्रमाणे द्या. त्यासाठी आईबापाला विनवण्या करायला लावू नका.

माय-बापहो, पोराला घरीही मारू नका. तपासणीसाठी मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय नोंदवायला लावा. एकट्याचा अर्ज कपाटात पडून राहतो. गावातल्या दहा पालकांनी मिळून दिला, तर उत्तर द्यावंच लागेल.

आपले,
पांढुर्णा-सौंसर परिसरातील पालक