गिरणी टिकली तर वाणाचं नाव टिकेल

आज पिकाचं नाही, गिरणीचं लिहितो. आपला माल ताटात कुठल्या नावानं जातो ते शेवटी गिरणीत ठरतं, असं माझं मत आहे.

आधी घरोघरी जातं होतं. पहाटे उठून बाया दळायच्या. त्यांच्या ओव्या हेमा राईरकर, गी पॉयटवँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव फिरून जमवल्या, त्या लाखाच्या वर भरल्या. त्यावरून कष्ट किती होते ते समजा. मग इंजिन आलं. साताऱ्यात १९२२ ला कूपरचा कारखाना निघाला, पुण्यात १९४६ ला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स. इंजिन विहिरीवर पाणी ओढायचं, तसंच गावात चक्कीही फिरवायचं. बाईच्या हातचा खुंटा सुटला, फार चांगलं झालं. पण एक रीत तशीच राहिली. धान्य तुमचं, पीठ तुमचं, गिरणीवाल्याला फक्त दळणाचे पैसे.

ही रीत सदाशिव पेठेत अजून आहे. मी तिथं काही घरी मालदांडी आणि खपली पोचवतो. डबा गिरणीत देताना ताई बजावून सांगतात, "गव्हावर गहूच दळा, हरभऱ्यावर नको." लोकवन का खपली, हे त्या तोंडानं विचारतात. म्हणून मला खपलीचा वेगळा भाव मागता येतो.

पिशवीतल्या पिठाचं तसं नाही. मोठ्या गिरणीत चार गावचा गहू एकत्र होतो. पिशवीवर कंपनीचं नाव मोठं, वाणाचं क्वचित.

हे दुखणं आपलंच नाही. अमेरिकेत नॉर्थ डकोटाचे गहूवाले म्हणत, प्रतवारी आणि भाव मिनियापोलिसचे गिरणीवाले नि व्यापारी ठरवतात. ते संघटित झाले, राज्याचं सरकार हाती घेतलं आणि १९२२ ला ग्रँड फोर्क्सला राज्याच्या मालकीची गिरणी उभी केली. ती आजही चालू आहे.

कुणी म्हणेल, शहरात डबा घेऊन जायला वेळ कुणाला आहे? खरं आहे. मग दळून आपणच द्यावं. गटानं गावात एक दगडी चक्की चालवावी. पिशवीवर वाण, गाव आणि दळल्याची तारीख लिहावी. ज्वारीचं पीठ लवकर विरी जातं, भाकरी थापताना चिरते. म्हणून मागणी येईल तेवढंच दळावं. ताजं पीठ ही आपली ताकद आहे, लांबच्या कारखान्याला ते जमणं अवघड.

कृषी खात्याच्या साहेबांनाही विनंती. वाणाची शिफारस करताना एकरी उतारा सांगता, तसं पीठ कसं पडतं, भाकरी कशी होते तेही सांगा.

तुमच्या गावातली चक्की चालू आहे का बंद पडली? बंद असेल तर का पडली, जरूर लिहा.