बरं वाटतं आणि पुन्हा मन खचतं. असं वारंवार का होतं?

तीन-चार महिने बरे जातात. काम होतं, जेवण जातं, घरात हसणं-बोलणं असतं. मग एखाद्या आठवड्यात सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटत नाही. घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो, 'आता काय झालं? सगळं तर नीट चाललंय!'

नैराश्य म्हटलं की आपण एखादी मोठी घटना शोधतो. जवळच्या माणसाचा मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं. अशा धक्क्याने पहिल्यांदा नैराश्य येऊ शकतं. पण पुढच्या वेळी त्याला तेवढं मोठं कारण लागतंच असं नाही. अनेकदा रोजचा दिनक्रमच पुरेसा असतो.

उदासी आणि नैराश्यात फरक काय?

मन उदास होणं हा आजार नाही. पण दिवसातला बराचसा वेळ मन खिन्न असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

बेंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार, दर २० पैकी एका व्यक्तीला आयुष्यात कधीतरी नैराश्य येतं. त्यातल्या बहुसंख्य लोकांना उपचारच मिळत नाहीत. आणि एकदा नैराश्य येऊन गेलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना ते पुन्हा होतं.

आधी झोप आणि रक्त तपासा

नैराश्यात झोप उडते हे सगळ्यांना माहीत आहे. पण उलटंही घडतं. सतत झोप न लागणाऱ्यांना पुढे नैराश्य येण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. रात्रपाळी, लांबचा लोकल प्रवास, उशाशी मोबाइल यातून रोज तास-दीड तास झोप कमी होते आणि ती भरून निघत नाही.

दुसरी गोष्ट शरीराची. थायरॉइडचं काम मंदावलं, बी-१२ जीवनसत्त्व कमी पडलं किंवा रक्तक्षय असला, तर थकवा, चिडचिड, खिन्नता येऊ शकते. बी-१२ मुख्यतः प्राणिजन्य पदार्थांतून मिळतं, त्यामुळे शाकाहारी लोकांनी जास्त लक्ष द्यायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. अशा वेळी 'सकारात्मक विचार कर' हा सल्ला काय कामाचा?

कामाचे तास, मोजलेले आणि न मोजलेले

आठवड्याला ७० तास काम करावं की ९०, यावर देशात बराच वाद झाला. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालाने तासन् तास टेबलाशी बसून काम करण्याचा मानसिक आरोग्यावर वाईट परिणाम होतो, असं नमूद केलं.

पण घरातल्या कामावर एवढी चर्चा होत नाही. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या महिलांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, तर पुरुषांची फक्त ८८. नोकरी, स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासू-सासऱ्यांची औषधं या सगळ्यात स्वतःसाठी वेळ उरतच नाही. महिलांमध्ये नैराश्य जास्त आढळतं, तेव्हा नुसतं 'हार्मोन्स' म्हणून विषय संपत नाही.

चक्र कसं फिरतं?

मन खचलं की माणूस आधी छोट्या गोष्टी सोडतो. सकाळचं फिरणं, मैत्रिणीचा फोन, शेजारी जाऊन बसणं. त्यामुळे दिवसातला होता तो आनंदही जातो आणि मन आणखी खचतं.

हे चक्र तोडता येतं का, याचा अभ्यास गोव्यात झाला. 'संगाथ' संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत, नैराश्य बऱ्यापैकी तीव्र असलेल्या सुमारे ५०० रुग्णांवर प्रयोग केला. प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्ते रुग्णांना सहा ते आठ भेटींत सोडलेल्या गोष्टी टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू करायला मदत करत. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. हे समुपदेशन न मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

बरं वाटलं की गोळ्या बंद

नैराश्य परतण्याचं हेही एक नेहमीचं कारण. साधारणपणे बरं वाटल्यानंतरही किमान सहा महिने औषधं चालू ठेवावी लागतात. 'सवय लागेल' या भीतीने, किंवा लग्न ठरतंय म्हणून ती अचानक थांबवली जातात. औषधं कमी करायचीच असतील, तर डॉक्टरांना विचारूनच.

मग करायचं काय?

मागच्या वेळी मन खचण्याआधीचे दोन-तीन आठवडे आठवून पाहा. झोप किती होती? कामाचा ताण वाढला होता? दारू वाढली होती? कोणाशी बोलणं तुटलं होतं? पुढच्या वेळी तीच खूण दिसली की लगेच मदत घेता येते.

सगळं एकट्याच्या हातात नसतं. शिफ्ट साहेब ठरवतो, घरातल्या कामाची वाटणी घर ठरवतं. म्हणूनच 'आता काय झालं?' असं विचारण्याऐवजी 'यातलं मी काय करू?' असं घरच्यांनी विचारलं, तर जास्त उपयोग होईल.

बोलायला कोणी नसेल, तर केंद्र सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल, तर वाट न पाहता फोन करा आणि जवळच्या माणसाला लगेच सांगा.