पडद्यावरचे आभाळ

टी.व्ही.वरच्या मालिकेत पाऊस आला की कुणीच दोरीवरचे कपडे काढायला धावत नाही, हे तुमच्या कधी लक्षात आले आहे का? पडद्यावर ढग गडगडतात, वीज चमकते, नायिका गच्चीवर जाऊन भिजते आणि गाणे सुरू होते. आमच्या घरी मात्र पहिला थेंब पडला की आई वाळवणाकडे, आण्णा कडब्याकडे आणि मी दोरीकडे पळते. आजी जागची न हलता हुकूम सोडते, "अगं माय, गवऱ्या! गवऱ्या भिजल्या की!" तेवढ्यात वीज जाते आणि नायिकेचे गाणे अर्धवट राहते. ते पुढे कसे संपले हे मला आजवर कळलेले नाही, आणि त्यावाचून माझे काही अडलेलेही नाही.

हवामान आणि टी.व्ही. हे दोन विषय असे आहेत की त्यांवर बोलायला पदवी लागत नाही. एस.टी.च्या थांब्यावर, कँटीनमध्ये, सर वर्गात येण्यापूर्वीच्या पाच मिनिटांत आपण याच दोहोंविषयी कुरकुर करीत असतो. "काय हे ऊन!" "काय हा पाऊस!" "काल टी.व्ही.वर बघण्यासारखे काहीच नव्हते!" मीही ही कुरकुर पुष्कळ केली आहे. पण २०२५ च्या जून महिन्यापासून ती माझ्यापुरती नुसती कुरकुर राहिली नाही. ते का, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमचे गाव बीड जिल्ह्यातले. जमीन दोन एकर, तीही कोरडवाहू. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. त्यामुळे घरच्यांचा असा समज, की हिला सगळे ठाऊक. विजेचे बिल, बँकेचा कागद, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे, सारे माझ्यापुढे येते. खोटे कशाला बोलू, मलाही ते आवडत होते. ज्या घरात मुलीचे मत कुणी विचारले नव्हते, तिथे आण्णा मला विचारू लागले, "काय म्हणतोय गं तुझा टी.व्ही.? पाऊस येतो का?"

त्या वर्षी मे महिन्यातच आभाळ भरून आले. मोसमी वारे २४ मे रोजी केरळात पोहोचले आणि २६ मे रोजी मुंबईत. एरवी मुंबईची तारीख ११ जून. १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर पाऊस मुंबईला कधी आला नव्हता. टी.व्ही.वर नुसता जल्लोष. नकाशावर निळे बाण धावत होते, छत्र्या उलट्या होत होत्या, निवेदक ओरडून ओरडून सांगत होते की पाऊस आला, महाराष्ट्रात पाऊस आला. आमच्या शिवारातही मेमध्ये चार दिवस चांगल्या सरी पडल्या. आण्णांनी पुन्हा विचारले. मी कॉलेजकन्येच्या ऐटीत सांगितले, "आण्णा, आता मागे बघायचे काम नाही. मराठवाड्यातही पाऊस सांगितलाय."

आण्णांनी मृग निघायच्या आधीच सोयाबीन पेरले. दोन एकराला तीस-तीस किलोच्या दोन पिशव्या.

आणि पाऊस थांबला. २९ मेनंतर मोसमी वाऱ्यांची चाल खुंटली ती जूनच्या मध्यापर्यंत. पुढे इतर भागांत पाऊस पडला, पण मराठवाड्याच्या वाट्याला जून कोरडाच गेला. जे बी उगवले ते वाळले, जे उगवले नाही ते ढेकळांतच गेले. आण्णा रोज सकाळी बांधावर जाऊन बसत आणि परत येत. मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. जूनच्या अखेरीस दुबार पेरणी झाली. माझ्या वसतिगृहासाठी बाजूला ठेवलेले पैसे त्या बियाण्यात गेले. म्हणून यंदा मी रोज एस.टी.ने ये-जा करते आणि पहिला तास बहुधा मला मिळत नाही. उशिरा येणाऱ्या विद्यार्थिनीकडे पाहून कपाळाला आठ्या घालणाऱ्या प्राध्यापकांना माझी ही जाहीर विनंती समजावी.

आता दोष कुणाचा? आभाळाला दोष देणे सोपे आहे, आणि निरर्थकही. आभाळाने कुणाला शब्द दिलेला नव्हता. हवामान खात्यालाही मी दोष देणार नाही. नंतर आमच्या भूगोलाच्या सरांनी मला खात्याचे पत्रक वाचायला शिकवले, तेव्हा माझे डोळे उघडले. त्यात नुसते "पाऊस पडेल" असे कधी लिहिलेले नसते. "तुरळक ठिकाणी", "काही ठिकाणी", "बहुतांश ठिकाणी" असे शब्द असतात आणि प्रत्येकाला ठरलेला अर्थ असतो. "तुरळक ठिकाणी" याचा अर्थ त्या विभागातल्या शंभर केंद्रांपैकी फार तर पंचवीस केंद्रांवर पाऊस. म्हणजे पंचाहत्तर ठिकाणी कोरडे राहिले तरी अंदाज चुकला असे होत नाही! हे दोन शब्द पडद्यापर्यंत येता येता गळून पडतात आणि उरते ते "मराठवाड्यात पाऊस". मी तेवढेच ऐकले आणि तेवढेच सांगितले.

पेरणीची घाई करू नका, असे कृषी खाते त्याच मे महिन्यात सांगत होते. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हा तर त्यांचा नेहमीचाच सल्ला. आम्ही जी वाहिनी पाहत होतो तिच्यावर तो आलाही असेल, पडद्याच्या तळाशी मुंगीसारख्या सरकणाऱ्या अक्षरांत. वरच्या भागात मुंबईच्या तुंबलेल्या रस्त्यावर एक मोटार तरंगत होती. मी मोटार पाहत बसले. तेव्हा या प्रकरणातला निम्मा दोष माझा, हे मला मान्य आहे.

पण उरलेल्या निम्म्याचे काय?

माझे म्हणणे असे, की टी.व्ही.ला पाऊस हवा असतो तो देखावा म्हणून. पाऊस न पडणे हा देखावा नव्हे. कोरड्या ढेकळांपुढे उभे राहून निवेदक काय ओरडणार? त्यामुळे आमचा जून पडद्यावर आलाच नाही. सप्टेंबर मात्र आला. उत्तरा नक्षत्रात बीड, धाराशिव, लातूर, सोलापूर या भागांत असा पाऊस कोसळला की नद्यांनी पात्रे सोडली. जनावरे वाहून गेली, मातीसकट शेते खरवडून निघाली. आमचे दुबार पेरलेले सोयाबीन शेंगा भरलेल्या अवस्थेत पाण्यात उभे होते. आता मात्र कॅमेरे आले. कमरेइतक्या पाण्यात उभे राहून बातमीदार विचारू लागले, "आजी, तुम्हाला काय वाटतंय?" काय वाटणार हो!

मग २८ सप्टेंबर उजाडला. त्या रात्री दुबईत भारत-पाकिस्तान यांच्यात आशिया चषकाचा अंतिम सामना होता. खोटे लिहीत नाही, आम्हीही तो पाहिला. भारत जिंकला तेव्हा धाकट्या भावाने टाळ्या पिटल्या आणि आण्णाही हसले. कितीतरी दिवसांनी हसले. सामना दाखवला याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही, की त्यानंतर पुराचे पाणी जसे ओसरले तसे कॅमेरेही ओसरले. पंचनामा कसा होतो, चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तरच महसूल मंडळात अतिवृष्टी धरतात म्हणजे काय, शेजारच्या मंडळात एक मिलिमीटर कमी भरला तर तिथल्या शेतकऱ्याने कुठे जायचे, हे सांगायला कुणी थांबले नाही. चिखलाचे चित्र घेतले, चिखल आमच्याकडे ठेवला.

कुणी म्हणेल, टी.व्ही. हे करमणुकीचे साधन, त्याच्याकडून ही अपेक्षा कशाला? तर थोडा इतिहास पाहावा. आपल्या देशात टी.व्ही. १९५९ साली दिल्लीत सुरू झाला. २६ जानेवारी १९६७ रोजी 'कृषिदर्शन' सुरू झाले ते दिल्लीजवळच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी. म्हणजे या देशातल्या टी.व्ही.ने अगदी पहिल्या काही वर्षांतच शेतकऱ्याकडे तोंड वळवले होते. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ते साल महाराष्ट्रात कुणी विसरेल काय? त्या दुष्काळात माझी आजी दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि सुकडी खाऊन दिवस काढत होती. मुंबईत पडदा उजळला हे तिला कित्येक वर्षे ठाऊकही नव्हते. पुढे गावात पहिला टी.व्ही. आला तेव्हा गावकरी त्याच्यापुढे बसून 'आमची माती, आमची माणसं' पाहू लागले. आजी म्हणते, "कमी बोलायचा गं तो टी.व्ही. पण आपल्याशी बोलायचा." जुने ते सारे सोने असे मी मानत नाही. त्या काळात एकच केंद्र होते, आवडो न आवडो तेच पाहावे लागे. पण आज शेकडो वाहिन्या असताना आमच्या मंडळात काल किती मिलिमीटर पाऊस झाला हे सांगायला एकीलाही दोन मिनिटे नसावीत, याचे नवल वाटते. चक्रीवादळाच्या वेळी हाच टी.व्ही. तासातासाला वाऱ्याची दिशा सांगतो आणि किनाऱ्यावरची माणसे सावध होतात, हेही मी पाहिले आहे. म्हणजे जमत नाही असे नाही.

यावर मित्रमैत्रिणी सांगतात, "अगं, मोबाईल बघ ना!" बघते. तो तालुक्याच्या गावचे आभाळ सांगतो, आणि आभाळ भरून आले की नेमकी रेंज जाते.

तेव्हा टी.व्ही. सुधारेपर्यंत आपण काय करायचे, हा प्रश्न उरतोच. मी एक केले आहे. सरांनी सांगितल्याप्रमाणे एक सरळ भिंतींचा पत्र्याचा डबा छपरापासून दूर मोकळ्या अंगणात ठेवला. भिंती सरळ असल्या की तोंड लहान-मोठे कसेही असो, साचलेल्या पाण्याची उंची तीच भरते. एक चौरस मीटरवर एक लिटर पाणी पडले म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. रोज सकाळी साडेआठला मी कंपासपेटीतल्या पट्टीने पाणी मोजते, वहीत लिहिते आणि डबा रिकामा करून पुन्हा जागेवर ठेवते. सरकारी यंत्राइतका तो काटेकोर नाही, पण "चांगला पाऊस झाला" या शब्दांपेक्षा नक्कीच खरा आहे. सुरुवातीला शेजारीपाजारी हसले. सप्टेंबरात एका रात्री डब्यात ब्याऐंशी मिलिमीटर भरले, तेव्हा तेच वही पाहायला आले.

आपल्या महाविद्यालयात निरनिराळ्या खेड्यांतून विद्यार्थी येतात. ज्यांच्या घरी शेती आहे अशांनी प्रत्येकी एक डबा ठेवला आणि प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर सुविचाराच्या खाली गावाचे नाव आणि पावसाचा आकडा लिहिला, तर? खर्च एका खडूचा. प्राचार्य महोदयांनी या सूचनेचा विचार करावा अशी नम्र विनंती आहे. सुविचार तर आपण रोज वाचतोच.

आमच्या घरी टी.व्ही. अजून चालू आहे. आजीला मालिका लागते, भावाला क्रिकेट लागते आणि मीही कधीमधी डोकावते. पण आण्णांचा प्रश्न तेवढा बदलला आहे. आभाळ भरून आले की ते आता टी.व्ही.कडे बघत नाहीत. सकाळी चहाचा कप हातात घेऊन मला विचारतात, "काय गं, डबा काय म्हणतोय?"

मी आकडा सांगते. आणि पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, हेही सांगते.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला