दारे मिटण्यापूर्वी

आज विजयादशमी. नऊ रात्री तेवलेल्या अखंड दीपाच्या साक्षीने घट उठले, पाटीवर सरस्वती रेखाटली गेली, दारी झेंडूचे तोरण लागले. सायंकाळी आपण सीमोल्लंघनास निघू, शमीचे पूजन करू आणि आपट्याची पाने 'सोने' म्हणून एकमेकांच्या हाती ठेवू. अशा मंगल दिवशी आम्ही आमच्या वाचकांना एका निराळ्या प्रार्थनामंदिराच्या दारी नेऊ इच्छितो. तेथे मूर्ती नाही, घंटा नाही, नैवेद्य नाही. तरीही तेथला एक दिवस आमच्या दसऱ्याचा अर्थ आम्हांस नव्याने सांगून गेला. हे मंदिर कोठे दूरदेशी नाही. ते आपल्या कोकणात, अलिबागच्या इस्रायल आळीत आहे. 'मागेन अबोथ' हे त्याचे नाव. १८४८ साली ते प्रथम उभे राहिले आणि १९१० साली त्याची पुन्हा उभारणी झाली. ज्यू बांधवांचे हे सिनेगॉग.

दसऱ्याच्याच दिवशी याचे स्मरण का व्हावे? त्याला पंचांगाचा आधार आहे. ज्यू लोकांचे महिने आपल्याप्रमाणेच चंद्राच्या कलांवर चालतात, आणि ऋतूंशी मेळ राखण्यासाठी त्यांच्याकडेही अधिक महिना धरला जातो. एकोणीस वर्षांत असे सात महिने येतात. त्यांच्या 'तिश्री' महिन्याची प्रतिपदा हा त्यांचा वर्षारंभ. ती बहुधा आपल्या घटस्थापनेच्या आगेमागे पडते. त्याच महिन्याची दशमी हा त्यांचा वर्षातील सर्वांत पवित्र दिवस, म्हणजे 'योम किप्पुर' अथवा प्रायश्चित्ताचा दिवस. एखाद्या वर्षी अधिक मासामुळे दोहोंत महिन्याचे अंतर पडते. परंतु २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला आपली विजयादशमी व त्यांचे योम किप्पुर एकाच दिवशी आले. एका आळीत पंचपक्वान्नांचे ताट, तर दुसऱ्या आळीत निर्जळ उपवास. आणि वर आकाशात दशमीचा चंद्र मात्र एकच!

कोकणातील हा समाज स्वतःस 'बेने इस्रायल' म्हणवितो. आपले पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि त्यांतील सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. या मंडळींनी तेलाचे घाणे चालविले. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा व ईशस्मरणाचा वार. त्या दिवशी त्यांचे घाणे बंद राहत. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. किहीम गावचे ते किहिमकर, दिवेआगरचे ते दिवेकर, राजपुरीचे ते राजपूरकर. त्यांच्या घरची भाषा मराठी, त्यांच्या सुवासिनींच्या गळ्यात मंगळसूत्र. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपल्या धर्मग्रंथांतील कथांवर मराठी कीर्तनेही रचिली व गायिली. अशा लोकांना परके कोणी म्हणावे?

शतकानुशतके या समाजाला सिनेगॉग नव्हते. मुंबईत त्यांचे पहिले सिनेगॉग सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ साली बांधविले. तोवर धर्मग्रंथांची हस्तलिखिते नाहीत, शास्त्री नाहीत, प्रार्थनागृह नाही अशा अवस्थेत या लोकांनी आपला धर्म माजघरात राखला. प्रायश्चित्ताच्या दिवसाला त्यांनी मराठी नाव दिले होते 'दारफळणीचा सण', म्हणजे दारे मिटण्याचा सण. त्या दिवशी घरोघरी दारे बंद होत. शुभ्र वस्त्रे नेसून कुटुंबातील माणसे आत उपवास करीत. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण'. त्या दिवशी दारे उघडत, गोरगरिबांना दान दिले जाई आणि माणसे आप्तमित्रांच्या भेटीस बाहेर पडत. हैम सॅम्युएल किहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा जो इतिहास लिहून ठेवला, त्यात या सणांची ही जुनी नावे आढळतात.

आता सिनेगॉगमधील तो दिवस पाहू. ज्यूंचा दिवस सूर्यास्तास सुरू होतो. म्हणून आदल्या सायंकाळीच उपवासाला आरंभ होतो आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसू लागेपर्यंत अन्न नाही की पाण्याचा थेंब नाही. पायांत कातड्याचे पादत्राण चालत नाही. प्रार्थना यरुशलेमच्या दिशेस तोंड करून व्हावयाची, म्हणून आपल्या कोकणात ती पश्चिमाभिमुख होते. त्या बाजूच्या भिंतीत एक पडदा लावलेले कपाट असते; त्यात तोरा, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांची हस्तलिखित चर्मपत्रे, गुंडाळी करून आदराने ठेविलेली असतात. मध्यभागी कठड्याचे व्यासपीठ असते व तेथून प्रार्थना चालते. एरवी दिवसातून तीन वेळा होणारी प्रार्थना या दिवशी पाच वेळा होते. अखेरच्या प्रार्थनेचे नाव 'नेइला'. तिचा अर्थच दारे मिटणे. स्वर्गाची दारे आता मिटत आहेत, तेवढ्या अवधीत जे मागावयाचे ते मागून घ्या, अशी ही आर्त घटका. ती प्रार्थना चालू असेपर्यंत पवित्र कपाटाची दारे उघडी राहतात. शेवटी मेंढ्याच्या शिंगाचा एक दीर्घ नाद होतो आणि उपवास सुटतो.

उपवास आपल्याला नवा नाही. आषाढी-कार्तिकीला, महाशिवरात्रीला आपणही निराहार राहतो. प्रार्थनाही नवी नाही. परंतु या दिवसासंबंधी ज्यू धर्मशास्त्रात एक नियम आहे, आणि तो प्रथम कानी आला तेव्हा आम्ही क्षणभर स्तब्ध झालो. त्यांचे प्राचीन आचार्य सांगतात की, मनुष्याने देवाचा जो अपराध केला असेल, त्याचे क्षालन या दिवशी होईल. परंतु मनुष्याने मनुष्याचा जो अपराध केला असेल, त्याचे क्षालन हा दिवस करू शकत नाही. त्यासाठी त्या माणसाकडेच गेले पाहिजे आणि त्याचे समाधान केले पाहिजे. ज्याचे देणे बुडविले त्याला ते परत केले पाहिजे. हे न करता रात्रंदिवस उपवास केला तरी तो अपराध जागच्या जागीच राहतो.

बाराव्या शतकातील थोर ज्यू धर्मवेत्ता मैमोनिदिस याने हा नियम अधिक तपशिलाने मांडिला आहे. दुखावलेला मनुष्य क्षमा करीत नसेल, तर तीन स्नेही बरोबर घेऊन त्याच्याकडे जावे. त्याने नाकारले तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जावे. ज्याची क्षमा मागितली जाते, त्यानेही कठोर राहू नये. आणि तो मनुष्य हयातच नसेल तर? दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीशी जावे आणि त्या दहांच्या समक्ष आपला अपराध बोलून दाखवावा.

दहा माणसे का? ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेसाठी परंपरेने तेरा वर्षांवरील दहा पुरुषांची उपस्थिती आवश्यक मानली जाते. नऊ विद्वान जमले तरी काही प्रार्थना अडून राहतात, आणि दहावा एखादा साधा मजूर आला की त्या सुरू होतात. त्या दिवशीचा पापांचा उच्चारही तेथे एकवचनात होत नाही. 'मी अपराध केला' असे न म्हणता 'आम्ही अपराध केला' असे म्हणत, हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने एकेका दोषाचे नाव घेत, सर्वजण हलकेच छातीवर मूठ मारतात. ज्याने चोरी केली नाही तोही 'आम्ही चोरी केली' म्हणतो. शेजारी कोणी चुकला असेल तर त्याचा काही अंश माझ्याही पदरी आहे, ही त्यामागची भावना. त्यामुळे खरा अपराधीही त्या समूहात एकटा पडत नाही.

आम्हीही पूजेच्या अखेरीस क्षमाप्रार्थना म्हणतो. मंत्रात, क्रियेत, भक्तीत काही न्यून राहिले असेल तर देवा, क्षमा कर. ही प्रार्थना सुंदरच आहे. परंतु ज्या भावाचे मन आम्ही मोडिले, ज्या सुनेला आम्ही घालून-पाडून बोललो, ज्या गड्याची मजुरी थकविली, त्यांची क्षमा देव्हाऱ्यापुढे बसून कशी मिळावी?

येथे आमच्याच घरची गोष्ट सांगतो. सांगताना संकोच होतो, पण सांगतो. आमच्या गावी आमच्या आणि एका चुलतभावाच्या वाडीमध्ये एक बांध होता. त्या बांधावरील दोन नारळीच्या झाडांवरून शब्दाला शब्द लागला आणि बोलणे थांबले. वर्षामागून वर्षे गेली. दर दसऱ्याला आम्ही साऱ्या आळीत सोने वाटीत असू; त्या एका दाराशी मात्र आमची पावले थबकत. घरातल्या लहान मुलाच्या हाती पाने देऊन 'त्यांना देऊन ये' असे सांगितले की कर्तव्य पुरे झाले, असे आम्ही मानीत होतो. रीत राहिली, भेट टळली. मग एका श्रावणात तो गेल्याची वार्ता आली. त्या वर्षीच्या दसऱ्याला ते दार उघडेच होते. पण ज्याच्या हाती सोने ठेवावयाचे तो तेथे नव्हता. कबरीशी दहा माणसे नेण्याचा विधी आमच्यात नाही. आज या स्तंभाच्या वाचकांसमोर आम्ही तो अपराध बोलून दाखवितो, एवढेच.

काही जण म्हणतील, यासाठी दुसऱ्याच्या धर्माकडे कशाला जावयाचे? आमच्या दसऱ्यात हेच आहे. संक्रांतीच्या तिळगुळातही हेच आहे. अगदी खरे. आपट्याच्या पानाचा हाच अर्थ आहे आणि म्हणूनच दुःख अधिक. अर्थ आपल्या हाती असताना आपण नुसते पान देतो. अलीकडे तर पानही देत नाही. पानाचे चित्र भ्रमणध्वनीवरून एकाच वेळी शंभर जणांना धाडितो. त्या शंभरांत ज्याचे मन आपण दुखविले तो असतो का? आणि असला, तर त्या चित्राने त्याचे समाधान होते का? सर्व धर्म एकच आहेत असे सोपे विधान आम्हांस करावयाचे नाही. ज्यूंचा निराकार एकेश्वर आणि आमचा पंचायतनाचा देव्हारा यांत अंतर आहे, आणि ते अंतर राखूनच दोन्ही घरे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदली. शेजाऱ्याच्या दिव्याचा उजेड आपल्या अंगणात पडला, तर त्या उजेडात आपलेच हरवलेले काही सापडू शकते, इतकेच आमचे म्हणणे.

त्या दिव्याविषयीही दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यानंतर बेने इस्रायलांची कुटुंबे एकामागून एक तिकडे गेली. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे २६ हजार ज्यू होते. २०११ च्या जनगणनेत ते पाच हजारांच्या आत आले. २०१६ साली महाराष्ट्र शासनाने या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु कोकणातील सिनेगॉगांत आज प्रार्थनेसाठी दहा माणसे जमविणे हेच मोठे कार्य होऊन बसले आहे. तो दहावा माणूस आम्ही होऊ शकत नाही. तो त्यांच्याच श्रद्धेचा असावा लागतो. पण ज्या आळीत ते सिनेगॉग उभे आहे, त्या आळीचे शेजारधर्म पाळणारे रहिवासी आम्ही होऊ शकतो. उपवासाच्या दिवशी त्या भिंतीपलीकडे आमच्या मंडपाचा ध्वनिवर्धक अंमळ हळू करणे, एवढे तरी खचित आमच्या हाती आहे.

तेव्हा आज सायंकाळी सोने लुटावयास निघताना एक करावे. ज्या दाराशी गेली काही वर्षे पावले थबकली असतील, तेथे प्रथम जावे. मुलाला पाठवू नये, स्वतः जावे. पान हातावर ठेवण्यापूर्वी जे बोलावयाचे राहिले आहे ते बोलावे. समोरचा रागावला तर पुढल्या दसऱ्याची वाट न पाहता पुन्हा जावे. गावाची सीमा ओलांडणे सोपे, स्वतःच्या मानाची सीमा ओलांडणे कठीण. खरे सीमोल्लंघन तेच. आणि आपल्या दाराशी कोणी असा आला, तर त्याला उंबऱ्यावर तिष्ठत ठेवू नये.

दारे मिटण्याची वेळ कोणाला सांगून येत नाही. ती अद्याप उघडी आहेत, तोवर एवढे करावे. सर्वांना विजयादशमीच्या शुभेच्छा.