गोऱ्हा तयार होतोय, पण जुना बैल कुठे?

मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या कापूस-संत्र्याच्या पट्ट्यात नवा गोऱ्हा औताला शिकवायचा तर त्याला एकट्याला कोणी जुंपत नाही. शेजारी जुना, शहाणा बैल असतो. गोऱ्हा बिथरला, तास सोडून भलतीकडे वळला, की जुना बैल त्याला पुन्हा रांगेत ओढतो. कासरा अर्थातच माणसाच्या हाती.

जगभरची हवाई दले सध्या अशीच जोडी जमवण्याच्या मागे आहेत. एक लढाऊ विमान वैमानिकाचे, बाजूला एक-दोन विनावैमानिक. धोक्याच्या आकाशात आधी शिरायचे, शत्रूचे रडार हुडकायचे, सांगितले तर क्षेपणास्त्र डागायचे आणि वेळ आलीच तर पडायचे, हे काम या दुसऱ्यांचे.

ड्रोन हा शब्द या भागाला नवा नाही. सौंसरहून तास-दीड तासावरच्या नागपुरात सोलर उद्योगसमूहाचे ‘नागास्त्र’ बनते. मार्च 2025 मध्ये पंतप्रधानांनी तिथे ड्रोनसाठीच्या 1250 मीटर धावपट्टीचे उद्घाटन केले. पण नागास्त्र म्हणजे घिरट्या घालून लक्ष्यावर आदळणारा दारूगोळा. जोडीदार विमान जेट इंजिनवर उडते, लढाऊ विमानाच्या वेगाशी जमवून घेते आणि परतही येते. स्वस्त म्हणतात, तेही फक्त लढाऊ विमानाच्या तुलनेत.

भारताचा गोऱ्हा म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे ‘कॅट्स वॉरियर’. 2021 च्या बेंगळुरूच्या हवाई प्रदर्शनात त्याची प्रतिकृती झळकली. जानेवारी 2025 मध्ये जमिनीवर इंजिनाची चाचणी झाली. ‘तेजस’ या लढाऊ विमानाने जुना बैल व्हायचे, वॉरियरने त्याचा जोडीदार, असा बेत. बेत चांगलाच आहे. घोळ होतो तो त्याच्या जाहिरातीत.

26 सप्टेंबर 2025 रोजी चंडीगडला मिग-21 निवृत्त झाले आणि हवाई दलाकडे लढाऊ विमानांच्या 29 स्क्वाड्रन उरल्या. मंजूर 42. मग वैमानिकाविना उडणारी विमाने घेऊन ही खोट भरून काढू, असा सूर ऐकू येतो. हिशेब सोपा वाटतो, पण चुकीचा आहे. जोडीदाराला आधी जोडी लागते. 83 ‘तेजस मार्क-1ए’चा करार फेब्रुवारी 2021 मधला, त्यांच्यासाठीचे पहिले अमेरिकी इंजिन आले मार्च 2025 मध्ये. एकेकाळी मिग-21 घडवणाऱ्या नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातले पहिले मार्क-1ए उडाले 17 ऑक्टोबर 2025 ला. जुना बैलच अजून गोठ्यात पुरता आलेला नाही.

आणि वॉरियरचे इंजिन? ‘लक्ष्य’ या विमानासाठी बनवलेले पीटीएई-7. तोफा-क्षेपणास्त्रांच्या सरावात निशाणा म्हणून उडणारे हे विमान! देशी इंजिन हाताशी आहे, ही जमेची बाजू. पण सरावाच्या निशाण्याला पुरणारे इंजिन लढाईलाही पुरेल, असे गृहीत धरता येत नाही. तेजससाठी घडवायला घेतलेल्या, पण त्यात कधीच न बसलेल्या देशी ‘कावेरी’ इंजिनाचा इतिहास ठाऊक असलेल्याला हे वेगळे सांगायला नको.

कासऱ्याचा प्रश्न तर याहून अवघड. ऑक्टोबर 2024 मध्ये युक्रेनच्या कोस्त्यान्तिनिव्का शहराजवळ रशियाचे ‘ओखोत्निक’ हे मोठे विनावैमानिक विमान पडले. पाडले ते रशियाच्याच लढाऊ विमानाने. ताबा सुटलेला गोऱ्हा शत्रूच्या गोठ्यात जाऊ नये म्हणून मालकानेच त्याला आडवे केले, असाच त्याचा अर्थ लावला गेला. अवशेष मात्र युक्रेनच्या हाती लागले. संदेश जाम झाल्यावर विमानाने परत फिरायचे, घिरट्या घालायच्या की स्वतःच ठरवून डागायचे, हे आधीच लिहून ठेवावे लागते. ते लिहिणार कोण आणि चुकले तर जाब कोणाला विचारायचा?

हे सारे जमायला वेळ लागतो. ऑस्ट्रेलियाचे ‘घोस्ट बॅट’ हे जोडीदार विमान फेब्रुवारी 2021 मध्ये पहिल्यांदा उडाले. शंभराहून अधिक उड्डाणे झाली, आणि डिसेंबर 2025 मध्ये त्याने हवेतल्या निशाण्यावर क्षेपणास्त्र डागले. तेही माणसांनी चालवलेल्या विमानांच्या संगतीत. जवळपास पाच वर्षे. वॉरियरलाही तेवढी सवड आणि त्यासाठीचा पैसा मिळायला हवा.

तोवर सरकारने निदान एक करावे. संसदेत पुढच्या वेळी स्क्वाड्रनचा आकडा येईल, तेव्हा वॉरियरची गणती वेगळ्या रकान्यात दाखवावी आणि शेजारी तेजसच्या इंजिनांच्या तारखाही द्याव्यात.