देखाव्याचीं गिऱ्हाइकें

पुण्यांतील सुशिक्षित कुटुंबांत सांप्रत एक बोलणें वरचेवर ऐकूं येतें. चार माणसें जमलीं कीं शहरांतील धूर, वाहनांची गर्दी व बांधकामांचा गोंगाट यांवर यथास्थित टीका होते, आणि मग कोणी तरी सुस्कारा टाकून म्हणतो, "आतां मुळशीकडे एखादा तुकडा घेऊन कायमचें राहावयास जावें." मुळशीच्या जागीं कोणी मावळ म्हणेल, कोणी पानशेत, कोणी महाबळेश्वर, विचार एकच. २०२० सालच्या साथीपासून घरीं बसून कचेरीचें काम करण्याची सोय झाली, आणि पुष्कळांनीं हा विचार अमलांतहि आणला. शहराचा वीट येणें यांत गैर कांहीं नाहीं. १८९७ च्या प्लेगांतहि पुणेकर गांवाबाहेर झोपड्या बांधून राहिले होते. परंतु त्या झोपडीस कोणी तत्त्वज्ञानाचा मुलामा दिला नव्हता. आजच्या स्थलांतरास मात्र 'निसर्गाकडे परत जाणें', 'मातीशीं नातें जोडणें' अशीं उदात्त नांवें दिलीं जात आहेत, आणि आमचा आक्षेप आहे तो या नांवांस. हें निसर्गाकडे जाणें नव्हे व गांवाकडे जाणें तर नव्हेच. ही निव्वळ देखाव्याची खरेदी आहे.

या खरेदीची जाहिरात कोणीहि लक्षपूर्वक वाचावी. तींत तलाव असतो, धुकें असतें, समोरच्या किल्ल्याचें दर्शन असतें. नसतें तें फक्त गांव. गुडघाभर चिखलांत आंबेमोहराची लावणी करणारी बाई, भर पावसांत गुरें राखणारा धनगर, डोंगराच्या कुशींत वस्ती करून असलेला कातकरी, यांना त्या चित्रांत जागा नाहीं. आणि ज्या तलावाकडे तोंड आहे म्हणून जमिनीचा भाव चढतो, तो तलाव तरी कोठून आला? मुंबईस वीज पुरविण्यासाठीं टाटा कंपनीनें मुळशीस धरण बांधावयास घेतलें, तेव्हां बुडूं पाहणाऱ्या गांवांतील मावळ्यांनीं १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापति' हें नांव त्याच लढ्यानें मिळालें. सत्याग्रही तुरुंगांत गेले, धरण पुरें झालें, खाचरें बुडालीं, आणि तेथील पाणी सह्याद्रीचा कडा उतरून भिऱ्यास वीज निर्माण करूं लागलें. आमचे पुणेकर बंधु आज त्या जलाशयाच्या कांठीं खुर्ची टाकून 'अस्पर्श निसर्ग' म्हणून ज्याचें कौतुक करतात, त्याच्या तळाशीं माणसांचीं शेतें व घरें आहेत. एका पिढीची जमीन धरणांत गेली. पुढच्या पिढीची जमीन त्या धरणाच्या देखाव्यांत जात आहे. फरक इतकाच कीं, या खेपेस पोलीस लागत नाहींत, खरेदीखत पुरतें.

"पण शेतकरी आपल्या खुशीनें विकतो ना?" असा प्रश्न लगेच येईल. येऊं द्यावा. भाताच्या खाचराची किंमत भातावरून ठरत असती, तर ही खुशी खरी मानतां आली असती. ती ठरते शहरांतल्या पगारावरून. आणि वर्षाच्या एका पिकावर कसाबसा तगणारा मनुष्य त्या आंकड्यापुढें किती दिवस उभा राहणार? पैसा येतो; कर्ज, लग्न व नवें घर यांत तो जातो; आणि ज्या जमिनीचा बाप मालक होता, तिच्याच फाटकावर मुलगा पहारेकरी म्हणून उभा राहतो. यालाच आमचे मित्र 'स्थानिकांस रोजगार देणें' म्हणतात! शेतजमीन शेतकऱ्यानेंच घ्यावी, असा निर्बंध १९४८ च्या कुळकायद्यानें घातला, तो कसणाऱ्याच्या हातांत जमीन राहावी म्हणून. त्यावरहि आमच्या वर्गानें तोड काढलीच आहे. कुठल्याशा दूरच्या गांवच्या सातबाऱ्यावर पणज्याचें नांव सांपडतें, आणि ज्यानें जन्मांत भाताचें एक रोप लावलें नाहीं तो गृहस्थ खरेदीपुरता शेतकरी बनतो. कायद्याचीं अक्षरें पाळलीं जातात. कायदा ज्यासाठीं केला, तो हेतु मात्र मरतो.

आतां निसर्गप्रेमाचा दावा तपासूं. पुण्यास वर्षाकांठीं सातशें-साडेसातशें मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरास साडेपांच हजारांच्या घरांत. एवढें पाणी अंगावर घेणारा डोंगर आपल्या झाडोऱ्यानें व वाटेंतल्या ओहळांनीं स्वतःस सांवरून धरीत असतो. त्यावर सपाटी करणें, उतार कापून मोटारीची वाट नेणें, ओहळ बुजविणें, म्हणजे त्याचे आधार काढून घेणें होय. ३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांव डोंगराखालीं गडप झालें व दीडशेंच्या वर माणसें गेलीं. तेथें बंगले नव्हते, आणि तो दोष आम्ही बंगलेवाल्यांच्या माथीं मारीत नाहीं. परंतु पावसानें भिजलेला उतार किती क्षमाशील असतो हें त्या दिवशीं सर्वांस दिसलें. त्यानंतरहि हौसेखातर उतार कापणाऱ्यास अज्ञानाची सबब सांगतां येणार नाहीं.

हीच हौस मोठ्या प्रमाणावर केली म्हणजे काय होतें, याचें उदाहरण लवासा हें आहे. राज्य सरकारनें १९९६ मध्यें नव्या गिरिस्थानांसाठीं खास नियम केले. पुढें वरसगांव धरणाच्या जलाशयाकांठीं डोंगर कापून एक अख्खें शहर उभें राहूं लागलें. २०१० च्या नोव्हेंबरांत केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानें त्यास अटकाव केला, पुढच्या वर्षीं अटींवर परवानगी दिली, आणि २०१८ मध्यें ती कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढें गेली. घरांसाठीं पैसे गुंतविलेले अनेक लोक वर्षानुवर्षें ताटकळत राहिले. कापलेले डोंगर कापलेलेच राहिले. शिवाय वरसगांवचें पाणी खडकवासल्यास येऊन पुणेंच पितें. स्वतःच्या पिण्याच्या पाण्याच्या उगमाशीं वसाहत करावयास निघालेल्या नगरवासीयांस काय म्हणावें? माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें २०११ मध्यें पश्चिम घाटाविषयीं अहवाल दिला व तेथील निर्णयांत ग्रामसभेस मान असावा असें सुचविलें. त्या अहवालावर पुण्यांतील सभागृहांत टाळ्या वाजविणारे हात दुसऱ्या दिवशीं दलालाचा नंबर फिरवितात, हें आमच्या विद्वत्तेचें खरें दुखणें आहे.

घर घेतलें म्हणजे मनुष्य त्या गांवचा झाला काय? १९५० च्या लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यानें याचें उत्तर देऊन ठेवलें आहे: एखाद्या मतदारसंघांत केवळ राहतें घर मालकीचें आहे, एवढ्यावरून कोणासहि तेथील सामान्य रहिवासी समजूं नये. कायदा जें समजतो तें आमच्या सुज्ञ मंडळींस समजूं नये, हें नवल होय. जो ग्रामसभेस बसत नाहीं, ज्याचीं मुलें जिल्हा परिषदेच्या शाळेंत जात नाहींत, ज्यास गांवच्या आटलेल्या विहिरीची काळजी आपल्या कूपनलिकेपलीकडे वाटत नाहीं, आणि दुखणें आलें कीं जो मोटारींत बसून पुणें गांठतो, तो दहा वर्षें राहिला तरी पाहुणाच. आणि पाहुण्यानें जमीन बळकावूं नये, हा जुना शिष्टाचार आहे. लोकमान्य टिळक उन्हाळ्यांत सिंहगडावर जाऊन राहत. परंतु गडाची हवा त्यांनीं पुन्हां खालीं उतरून काम करण्यासाठीं घेतली. कामांतून सुटण्यासाठीं नव्हे.

या डोंगरांत खरोखरच जाऊन राहिलेलीं माणसेंहि आहेत, हें आम्हांस ठाऊक आहे. दवाखाना चालविणारीं, शाळा संभाळणारीं, स्वतः चिखलांत उतरणारीं. त्यांच्याविरुद्ध आमचा एक शब्द नाहीं. त्यांच्या बोलण्यांत पाऊस, रस्ता, पीक व शेजारी येतात. देखावा येत नाहीं. ज्यास जावयाचें असेल त्यानें त्यांच्यासारखें जावें. ज्यास तें झेपणार नाहीं त्यानें चार दिवस खुशाल जावें, गांवांतल्या घरीं पैसे देऊन उतरावें, पिठलें-भाकरी खावी, आणि परत यावें.

परत येण्याचें महत्त्व आम्हीं मुद्दाम सांगतों. शहर बिघडलें हें खरें. परंतु तें बिघडलें असतां ज्यांना वजन आहे, वेळ आहे व अर्ज लिहितां येतो, तेच उठून गेले, तर मुळा-मुठेची घाण, फुटके पदपथ व विषारी हवा हीं सर्व पळून जाण्याची ऐपत नसलेल्यांच्या वांट्यास राहतात. २०२३ मध्यें वेताळ टेकडी वांचविण्यासाठीं पुणेकर नागरिक रस्त्यावर उतरले होते. त्यांना निसर्ग विकत घ्यावा लागला नाहीं. तो त्यांच्या दाराशींच होता, आणि त्याच्यासाठीं भांडण्यास ते घरीं होते. निसर्गावर प्रेम असेल, तर त्याचें पहिलें देणें आपल्या दाराशींच फेडावें. मावळांतल्या शेतकऱ्याचा डोंगर त्याच्यापाशींच राहूं द्यावा.